चिखल न लागलेली जर्सी

खडकीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, म्हणून मुद्द्यापुरतं देतो.

"आदरणीय सर, सलाम. मी छत्तीस वर्षांचा, कारखान्यात शिफ्टला आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या चर्चच्या मंडळीच्या तरुण संघातर्फे मुलांची फुटबॉल टीम सुरू केली. अकरा ते तेरा वयाची बावीस मुलं आहेत. आठ आमच्या मंडळीतली, बाकीची बोपोडी आणि रेंजहिल्सच्या वस्तीतली, हिंदू, बौद्ध, मुसलमान. बॉल, जर्सी मंडळीच्या पैशातून. मुलांचं चारित्र्य घडावं आणि त्यांना ख्रिस्ताची ओळख व्हावी एवढाच हेतू होता. आता मात्र चारी बाजूंनी अडकलोय. कमिटी म्हणते, प्रत्येक प्रॅक्टिसला पंधरा मिनिटं शास्त्रपाठ आणि प्रार्थना झालीच पाहिजे, नाहीतर मंडळीने पैसे का घालायचे? इकडे एका मुलाची आई गेटवर थांबून म्हणाली, 'सर, खेळ शिकवा, पण पोराला बाटवू नका.' दोन रात्री झोप नाही. पावसाळ्यातल्या लीगच्या मॅचेस रविवारी सकाळी, ऐन उपासनेच्या वेळी. आमच्या सगळ्यात चांगल्या फॉरवर्डचं वय उलटून गेलंय. माझा सहकारी म्हणतो, जन्मदाखल्याचं मी बघतो, सगळेच करतात. आणि गेल्या महिन्यात सेमीफायनलला एका ऑफसाइडवरून मी रेफ्रीला आईवरून शिवी दिली, मुलांसमोर. आता प्रॅक्टिसला मुलं एकमेकांना तीच देतात. बाकी टीम बरी आहे. तीन-चार मुलं नुसतीच येतात, त्यांना खेळवायची वेळच येत नाही, पण ती कुरकुर करत नाहीत. सर, मी खरंच कुणाचं चारित्र्य घडवतोय का?"

प्रिय बंधू, सलाम.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तुम्ही चार अडचणी लिहिल्यात, पण माझं मन अडकलं ते शेवटी, जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यात. 'ती कुरकुर करत नाहीत.' तिथूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या चार प्रश्नांची वाट मला त्या तीन-चार मुलांवरून जाताना दिसते.

मी एकतीस वर्षं पुण्यात क्रीडाशिक्षक होतो. माझ्या कपाटात १९९४ सालचा एक फोटो आहे. शालेय स्पर्धा तेव्हाही जुलै-ऑगस्टमध्येच व्हायच्या, भर पावसात. त्या वर्षी आम्ही ढाल जिंकली. फोटोतली सगळी मुलं गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेली आहेत, एकाच्या तर कानातही चिखल आहे. डावीकडे टोकाला एक मुलगा उभा आहे. त्याची जर्सी कोरी आहे. नीट पाहिलं तर इस्त्रीची घडी दिसते. त्याच्या आईने फायनल आहे म्हणून रात्री इस्त्री करून दिली असणार. पंधरा नंबर. आदल्या वर्षी हा आमचा लेफ्ट बॅक होता. हडपसरहून सायकल मारत प्रॅक्टिसला यायचा.

त्या वर्षी त्याच्या जागेवर मी जो मुलगा खेळवला, त्याचं वय कागदावर होतं त्यापेक्षा दोन वर्षांनी जास्त होतं. दाखला मी केला नव्हता. पण त्याच्या हनुवटीवरची लव मला दिसत होती, आणि तरी प्रवेशिकेवर सही माझी होती. कुणी पकडलं नाही. ढाल शाळेच्या स्टोअरमध्ये गेली. कोऱ्या जर्सीतला मुलगा त्यानंतर दोनदा प्रॅक्टिसला आला आणि मग यायचा थांबला. मी त्याला एकदाही विचारलं नाही, का रे येत नाहीस म्हणून. मीही रविवारी देवळात पहिल्या बाकावर बसणारा, शब्बाथशाळेत मुलांना हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगणारा माणूस होतो. नव्व्याण्णव सोडून एकाच्या मागे जाणारा मेंढपाळ मी फळ्यावर खडूने काढून दाखवायचो. माझं एक मेंढरू माझ्यासमोर, फोटोच्या कडेला उभं होतं.

म्हणून दाखल्याबद्दल माझं उत्तर सरळ आहे. करायचा नाही. सहकाऱ्याला आजच सांगा, आणि पुन्हा विषय निघणार नाही अशा आवाजात सांगा.

'सगळेच करतात' हे खरं आहे, आणि का करतात तेही समजून घ्या. आपल्याकडे खेळाच्या प्रमाणपत्रावर दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. गरीब घरातल्या बापाला त्या कागदात पोराची नोकरी दिसते, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण त्या वयात दोन वर्षं म्हणजे काय हे तुम्ही कोच म्हणून जाणताच. मुलांची उंची साधारण तेरा-चौदाच्या सुमारास सगळ्यात झपाट्याने वाढते, एका वर्षात आठ-नऊ सेंटीमीटरसुद्धा. त्या वाढीच्या अलीकडचा आणि पलीकडचा मुलगा एकाच बॉलवर धावून आले की लहानाचं हाड मोडतं. वर गेलं की तपासणीही आहे. मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वयाचा अंदाज घेतात. फिफा १७ वर्षांखालच्या स्पर्धांत २००९ पासून मनगटाचं एमआरआय करते. तुमचा मुलगा खरंच गुणी असेल तर खोटी तारीख त्याला नेमकी तिथे आडवी येईल जिथे त्याचं नशीब उघडणार असेल.

तरीही मी हे एक्स-रेच्या भीतीने सांगत नाही. १९९४ मध्ये मॅचला जाताना बसमध्ये तो जास्त वयाचा मुलगा माझ्या पुढच्या सीटवर बसला होता. ओठ हलत होते. मला वाटलं गाणं म्हणतोय. जरा पुढे वाकून ऐकलं तर तो स्वतःची खोटी जन्मतारीख घोकत होता, पाढे घोकावेत तशी. दिवस, महिना, साल. पुन्हा दिवस, महिना, साल. कुणी विचारलं तर अडखळायला नको म्हणून. मी मागे टेकून बसलो आणि खिडकीबाहेर बघत राहिलो. आपली खरी जन्मतारीख सांगायची नसते, हे त्या मुलाला माझ्या संघात शिकायला मिळालं. तुमच्या फॉरवर्डला हे शिकवू नका.

त्याच्या घरी स्वतः जा. 'वय बसत नाही' एवढं सांगून परत फिरू नका. पंधरा वर्षांखालचा संघ असलेल्या क्लबच्या कोचशी आधी बोलून ठेवा, म्हणजे जाताना हातात काहीतरी असेल. बाप चिडेल. चिडू द्या, ऐकून घ्या. मुलाला तुमच्या प्रॅक्टिसला येत राहायला सांगा, लहान मुलांना फिनिशिंग शिकवायला लावा. त्याची जागा गेली, पण तुमच्या नजरेतून तो गेला नाही, एवढं त्याला कळलं पाहिजे.

आता त्या तीन-चार मुलांकडे येऊ. तुम्ही लिहिता, 'खेळवायची वेळच येत नाही.' बंधू, ही वेळ आपोआप येत नसते. साधा हिशेब करा. पन्नास मिनिटांची मॅच आणि अकरा जागा म्हणजे ५५० मिनिटं. बावीस मुलांत सारखी वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला २५ येतात. लीगला नावं कमी द्यावी लागत असतील तर आळीपाळीने द्या. अगदी समान वाटा असं मी म्हणत नाही. जिंकायची ओढ चांगली आहे, तीही मुलांनी शिकावी. पण १५ मिनिटांखाली कुणीच जाणार नाही अशी रेघ आखा आणि ती सेमीफायनललाही मोडू नका. एक दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक मॅचची मिनिटं नावापुढे लिहा, आणि वही मुलांना बघता येईल अशी ठेवा. मी शेवटची अकरा वर्षं ही वही ठेवली. सुरुवातीला माझाच विश्वास बसत नव्हता, की आपल्याला 'सगळ्यांना खेळवतो' असं वाटत असताना एकेका मुलाच्या नावापुढे महिनाभर शून्य असतं.

आणखी एक करा. कच्च्या मुलाला शेवटच्या पाच मिनिटांत, तीन गोल चढलेले असताना उतरवू नका. त्यालाही कळतं ती मिनिटं कसली आहेत. त्याला सुरुवातीपासून उतरवा, स्कोअर ०-० असताना, सगळे टाळ्या वाजवत असताना.

द्राक्षमळ्यातल्या मजुरांची गोष्ट तुम्ही शंभरदा ऐकली असेल. दिवस मावळताना आलेल्यालाही धन्याने पुरता दिवसाचा पगार दिला, आणि सकाळपासून राबलेले कुरकुरले. आमच्या मंडळीत त्यावर उपदेश झाला की लोक माना डोलावतात. मैदानावर ती गोष्ट खरी करायला गेलात तर तुमच्या चांगल्या खेळाडूंचे बाप कुरकुरतील, मॅचेस हराल, कमिटीही विचारेल. म्हणूनच ती तिथे करून बघण्यासारखी आहे. तुमच्या आठ मुलांना ख्रिस्ताची ओळख व्हावी असं तुम्हाला वाटतं. त्यांनी त्या धन्याला एकदा तरी टचलाइनवर उभं असलेलं बघावं.

रेफ्रीचं. तुम्ही विचारता, मी कुणाचं चारित्र्य घडवतोय का. घडवताय, त्यात शंका नको. तीन वर्षं शिकवलेला डाव्या पायाचा पास अजून जमत नसेल, पण शिवी त्यांनी एका दुपारी उचलली. मुलं तुमच्याकडे एवढं टक लावून बघतात. मला त्यात तुमची नालायकी दिसत नाही, तुमच्या हातातलं बळ दिसतं. ते आता उलट दिशेने वापरा. त्या रेफ्रीची पुढची मॅच कुठे आहे ते शोधा. एसएसपीएमएसच्या ग्राउंडवर असो नाहीतर पिंपरीला, दोन-तीन मुलांना घेऊन जा. मॅच संपल्यावर त्यांच्यासमोर माफी मागा. 'काही चुकलं असेल तर' असं म्हणू नका. 'मी तुम्हाला शिवी दिली, ती चूक होती, माफ करा,' एवढंच. ऑफसाइड होता की नव्हता हा विषय काढू नका. तो माणूस कदाचित हात झटकून निघून जाईल. त्याचा तो हक्क आहे. मुलांनी तेही बघू दे. परत येताना वडापाव खा आणि बाकीच्या मुलांना काय झालं ते त्या दोघा-तिघांनाच सांगू द्या, तुम्ही सांगू नका.

पुढे प्रॅक्टिस मॅचला आलटून पालटून मुलांनाच शिट्टी द्या. दहा मिनिटं रेफ्री झालेला मुलगा, बॉल कुणाला लागून बाहेर गेला यावरून वीस जणांचा ओरडा ऐकून घेतो, तेव्हा तो रेफ्रीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतो. माझ्याकडे सगळ्यात जास्त वाद घालणाऱ्या मुलाने शिट्टी हातात आल्यावर चौथ्या मिनिटाला मला विचारलं होतं, "सर, मला दिसलंच नाही, आता काय देऊ?"

आता प्रार्थना. हा भाग मी सावकाश लिहितो, कारण इथे माझा जीव गुंतलेला आहे.

त्या आईवर रागावू नका. पुण्याला या बाबतीत जुनी आठवण आहे. १८९० साली इथल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या एका चहावरून रानडे, टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याची कारवाई झाली आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. त्याच वर्षी ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचं शारदा सदन, म्हणजे विधवा मुलींसाठीची त्यांची शाळा, मुंबईहून पुण्यात आलं. बाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, काही मुली आपणहून येऊन बसायच्या. १८९३ मध्ये त्यावरून गदारोळ झाला, रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंना मी फार मानतो. त्यांचा हेतू स्वच्छ होता याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण मुलगी दुसऱ्याची असते, आणि उघडं दार बाहेर उभ्या असलेल्या आईला वेगळं दिसतं, हे त्या वर्षी पुण्यात सगळ्यांनाच कळलं. तुमच्या गेटवर थांबलेली बाई तेच विचारते आहे. तिने विचारलं हे चांगलं झालं, गुपचूप मुलाला काढून नेलं नाही.

तिच्या घरी जा, चहा घ्या, आणि सगळं खरं सांगा. टीम मंडळीची आहे, पैसे मंडळीचे आहेत, मी ख्रिस्ती आहे, मी प्रार्थना करतो. तुमच्या मुलाला खेळायला मिळावं म्हणून त्याला यातलं काहीही करावं लागणार नाही. हेच मराठीत एका कागदावर लिहून सगळ्या पालकांना द्या. शास्त्रपाठ प्रॅक्टिसमध्ये घालू नका. तो शनिवारी संध्याकाळी देवळाच्या हॉलमध्ये ठेवा. मंडळीच्या मुलांसाठी ठेवा, आणि दुसऱ्या कुणाला यावंसं वाटलं तर त्याच्या आईबापांच्या होकाराने येऊ दे. कोण आला कोण नाही याचा संघनिवडीशी काडीचा संबंध ठेवू नका, अगदी मनातसुद्धा. आपल्या घटनेचा २८वा अनुच्छेद सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावू नये असं सांगतो. तुमची टीम म्हणजे शाळा नाही, पण न्याय तोच लावा.

मग मैदानावर काय उरतं, असं कमिटी विचारेल. माझ्याकडे काय उरलं ते सांगतो.

खेळाच्या नियमावलीतला चौथा नियम म्हणतो की अंगावर कुठलाही दागिना चालणार नाही, टेपने झाकलेलासुद्धा नाही. मॅचआधी रेफ्री एकेकाला बघून सगळं काढायला लावायचे. आमच्यात एकाच्या गळ्यात आजीने दिलेला क्रूस, एकाचा ताईत, एकाचं रुद्राक्ष, एकाच्या चेनमध्ये बाबासाहेबांचं लॉकेट. पहिल्या वेळी क्रूसवाला अडून बसला. "सर, आजीने सांगितलंय काढायचं नाही." मी त्याला म्हटलं, येशू गळ्यातून उतरला म्हणून मैदानाबाहेर राहत नाही, काढ. मी खिशातला रुमाल पसरला. सगळ्यांनी आपापलं त्यात ठेवलं, मी गाठ मारली आणि रुमाल पँटच्या खिशात घातला. हाफटाइमला पोरं पाणी प्यायच्या आधी माझा खिसा चाचपून जायची, आहे ना म्हणून. मॅच संपली की मी गाठ सोडून एकेकाचं ज्याच्या त्याच्या हातात द्यायचो. त्या गाठीत कुणाचं वर आहे नि कुणाचं खाली, हे इतक्या वर्षांत एकाही मुलाने विचारलं नाही. मी ख्रिस्ती आहे हे त्या प्रत्येक मुलाला ठाऊक होतं. त्यांच्या घरच्या वस्तू मी सांभाळतो, हेही ठाऊक होतं.

प्रार्थना मी सोडली नाही. बसमध्ये पुढच्या सीटवर डोळे मिटून करायचो, मुलांना दिसायचं. एकदा एकाने विचारलंच, सर, काय मागता? मी सांगितलं, कुणाचं हाड मोडू नये, आपल्याही आणि त्यांच्याही. "त्यांच्यासाठी पण?" तो म्हणाला, आणि बराच वेळ गप्प बसला.

शनिवारच्या वर्गात मात्र हात आखडता घेऊ नका. आपल्या आठ मुलांना येशूचा शिष्य पेत्र याची गोष्ट सांगा. त्याने तीनदा येशूची ओळख नाकारली, आणि तरी पुनरुत्थानानंतर समुद्रकाठी कोळशावर मासे भाजून प्रभूने त्याला न्याहारी दिली, 'माझ्यावर प्रेम करतोस का' असं तीनदा विचारलं आणि मेंढरं त्याच्याच हाती सोपवली. मग मुलांना विचारा, गेल्या मॅचला ज्याने पेनल्टी घालवली, पुढची कुणी मारायची? त्यांचं त्यांना बोलू द्या. त्यांनी जे ठरवलं ते रविवारी करून दाखवा. शास्त्रपाठ आणि प्रॅक्टिस असे जोडले जातात, आणि त्यासाठी मैदानावर कुणाला जबरदस्तीने डोळे मिटायला लावावं लागत नाही.

कमिटीला स्कॉटलंडच्या सेल्टिक फुटबॉल क्लबची हकीकत सांगा. १८८७ मध्ये ग्लासगोच्या एका चर्चच्या हॉलमध्ये तो स्थापन झाला. पुढाकार ब्रदर वॉल्फ्रिड या मॅरिस्ट नावाच्या कॅथलिक संघातल्या धर्मबंधूंचा होता, आणि हेतू होता शहराच्या पूर्व भागातल्या गरीब मुलांच्या जेवणासाठी पैसे उभे करणं. मंडळीला मिशनच हवं असेल तर प्रॅक्टिसनंतर बावीस मुलांना दोन-दोन केळी आणि मूठभर गूळ-शेंगदाणे द्यायची जबाबदारी घेऊ दे. वस्तीतली मुलं शाळेतून थेट येतात, पोटात काही नसतं, आणि तुम्ही त्यांना तासभर पळवता. कमिटीतल्या एखाद्याने आठवड्यातून एकदा येऊन स्वतःच्या हाताने ती केळी वाटावीत. खरं सांगायचं तर पैशांपेक्षा मला हेच जास्त हवंसं वाटेल.

रविवारचं थोडक्यात. लीगवाल्यांना आत्ताच, वेळापत्रक निघायच्या आधी, दुपारची वेळ लेखी मागा. मागितली तर बऱ्याचदा मिळते. नाही मिळाली तर शनिवारी संध्याकाळी पाळकसाहेबांना या मुलांसाठी छोटी उपासना घ्यायची विनंती करा. आणि एखाद्या घराने म्हटलं की आमचा मुलगा रविवारी सकाळी देवळातच असेल, तर त्याची जागा जाता कामा नये. उलट, जो खेळायला आला त्याला लाजवूही नका. स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलचं नाव तुमच्या मंडळीत निघेलच. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या म्हणून तो धावला नाही, आणि मग चारशे मीटरमध्ये सोनं जिंकला. त्याची पुढची गोष्ट लोक कमी सांगतात. दुसऱ्या महायुद्धात तो चीनमध्ये जपान्यांच्या नजरकैदेच्या छावणीत होता. तिथल्या मुलांनी रविवारी हॉकी खेळायला घेतली आणि देखरेखीला कुणी नसल्याने मारामारी झाली. पुढच्या रविवारी लिडेल स्वतः पंच म्हणून मैदानात उभा राहिला. तो रविवारी धावायला तयार नव्हता, पण मुलं एकमेकांची डोकी फोडत असताना बाजूलाही बसला नाही. १९४५ मध्ये त्याच छावणीत तो वारला.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. कुठल्याही मुलाबरोबर बंद खोलीत किंवा गाडीत एकटे राहू नका. दुसरं मोठं माणूस बरोबर असू दे. मुलांना निरोप पालकांच्या ग्रुपवरच पाठवा. सहकाऱ्यालाही हाच नियम. आणि एखाद्या मुलाने कुणाबद्दल काही सांगितलं, मग तो माणूस मंडळीतला कितीही मोठा असो, तर ते दाबायचं नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने असं कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कमिटीकडून हे लेखी मंजूर करून घ्या.

तुमचा हात शिफ्टमध्ये दमलेला असतो, तरी तीन वर्षं तुम्ही बावीस मुलांसाठी मैदानावर सरावाचे कोन (शंकू) मांडताय. पत्रात ते तुम्ही एका ओळीत उरकलंय, पण मला ते दिसलं.

लीग पावसातच आहे. पहिल्या मॅचनंतर टीमचा फोटो काढा आणि मला पाठवा. जर्सी बदलायच्या आधी काढा, आणि टोकाला उभी असलेली मुलं फ्रेममध्ये नीट येतील एवढं बघा.